कळावे, लोभ नसावा

वाघोलीत मला घर नको आहे. ही गोष्ट मी आयुष्यात जितक्यांना सांगितली असेल, तितक्यांना माझं स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल. पुण्याजवळ मांजरीत आमचं घर आहे, चांगलं आहे, गॅलरीतून समोर ऊस दिसतो आणि उसाच्या पलीकडे नव्या इमारतींचे सांगाडे. तरी सकाळी मेल उघडला की वाघोलीत मला कुणीतरी 'स्वप्नातलं घर' द्यायला टपलेलं असायचंच.

चूक म्हणाल तर सरबताची. मी आणि नवरा घर शोधत होतो तेव्हा दर रविवारी सॅम्पल फ्लॅट बघत हिंडायचो. प्रत्येक साइट ऑफिसात आधी थंडगार कोकम सरबत आणि मग गोड हसून, "सर, मॅडम, मेल आयडी?" त्यासाठी आम्ही दोघांच्या नावाचं एक वेगळं खातंच काढलं होतं. घर झालं, सरबतं संपली, पण तो पत्ता कुणाकुणाच्या हातात फिरत राहिला देव जाणे. बिल्डरांच्या मागून कर्जवाले आले, त्यांच्या मागून गाडीवाले, केस उगवणारे, वजन उतरवणारे आणि परदेशातल्या लॉटरीवाले. एकजात सगळे आमचं अभिनंदन करत यायचे. अभिनंदन, आपली निवड झाली आहे. अभिनंदन, आपण भाग्यवान ठरला आहात. सख्ख्या नातेवाइकांनी माझ्या लग्नातसुद्धा इतकं अभिनंदन केलं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ह्याच खात्यावर आम्ही आमच्या मुलाची वाट बघत होतो.

मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं आम्ही. त्याआधीची दवाखान्यांची वर्षं मी इथे लिहीत नाही, ज्यांनी काढलीत त्यांना माहीत आहेत आणि ज्यांनी नाहीत त्यांना सांगून कळायची नाहीत. संस्थेत नाव घातलं, कागद झाले, तिथल्या मॅडम घरी येऊन घर बघून गेल्या, माणसं बघून गेल्या. मग रांग. आपली पाळी आली की मेल येणार, त्यात बाळाचा फोटो, बाळाची माहिती. ठरलेल्या मुदतीत हो म्हणायचं. उत्तर आलं नाही किंवा नाही म्हटलं, तर बाळ पुढच्या घराला विचारलं जाणार. आणि पत्ता कुठला दिला होता? तोच, दोघांच्या नावाचा. मूल दोघांचं, म्हणून खातंही दोघांचं. त्या वेळी ते किती छान वाटलं होतं.

जाताना मॅडम दारात चपला घालता घालता म्हणाल्या होत्या, "मेल बघत राहा बरं का."

बघत राहा! मी दुसरं करत काय होते? डोळे उघडले की पहिला हात फोनकडे. आणि उघडून बघते तर वाघोली. तळपायाची आग मस्तकात जायची माझी.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांची सगळी नोकरी बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. खिडकीपुढे माणूस उभा राहिला की त्याला उत्तर द्यायचं, ते लगेच द्यायचं, आणि असं द्यायचं की तो पुन्हा विचारायला आला नाही पाहिजे. रिटायर झाले तरी खिडकी काही त्यांच्यातून गेली नाही. आमच्या दारावर त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाट्या रंगवून लावल्या होत्या. 'बेल एकदाच वाजवावी. आतली माणसे बहिरी नाहीत.' त्याखाली, 'विक्रेत्यांनी स्वतःचा वेळ वाचवावा.' आणि तिसरी, जी शेजाऱ्यांना फार झोंबायची, 'चपला काढाव्यात. सांगायला लागू नये.'

मी अमरावतीची. आमच्याकडे दारात माणूस दिसला की आधी पाणी, मग 'या, बसा', मग काम काय ते. लग्न होऊन आले आणि सासरच्या जुन्या घराच्या दारावर तशाच पाट्या वाचल्या तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, "काऊन रे बाप्पा, तुमच्याकडं माणसं येऊच नये असं वाटते का?" तो नुसता हसला होता. पुढे मलाही सवय झाली. सवय कसली, गोडीच लागली. मी मुळात तोंडाची फटकळ, त्यात हे शिक्षण मिळालं. मग काय विचारता.

तर सकाळी चहाच्या वेळी बाबा माझ्या शेजारी बसायचे आणि मी मेल वाचून दाखवायची. त्यांचं एकच म्हणणं असायचं. "विचारलंय ना त्यांनी? मग उत्तर द्यायला हवं." आणि ते सांगायचे, मी टाइप करायची. वजन उतरवणाऱ्यांना गेलं, 'आपण माझे वजन पाहिलेले नाही. पाहिलेत तर वाढवायचे औषध पाठवाल.' कर्जवाल्यांना गेलं, 'ओळखपाळख नसताना आपण पैसे वाटत सुटला आहात, हे आपल्या मालकांना ठाऊक आहे काय?' लॉटरीवाल्यांना, 'मी तिकीट काढलेले नाही. ज्याने काढले तो काळजीत असेल, त्याला शोधावे.' मी हसून हसून लोळायची. त्या वाट बघण्याच्या दिवसांत आमच्या घरात तेवढंच काय ते हसू होतं, हे मी आजही नाकारणार नाही.

नवरा हिंजवडीत कंपनीत आहे. मांजरी ते हिंजवडी म्हणजे रोज अख्खं पुणं आडवं कापायचं, त्यामुळे घरी येतो तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण नसतं. तरी त्याने सांगून बघितलं. "अगं, ह्यांना उत्तर द्यायचं नसतं. उत्तर दिलं की त्यांना कळतं इथे कोणीतरी जिवंत आहे. मग ते पत्ता आणखी दहा जणांना विकतात."

"कळू दे की," बाबा म्हणाले. "जिवंत आहोतच आपण."

मेल वाढले. इतके वाढले की दिवसभरात साठलेला ढीग उपसायला संध्याकाळ लागायची. त्यात फोनही सुरू झाले. मी हडपसरला एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे हलवून देते. हातात पेशंटचा पाय असताना खिशात फोन वाजतो आणि पलीकडून कोणी विचारतं, "मॅडम, टू बीएचके की थ्री?" शेवटी नवऱ्याने आम्हा तिघांच्या फोनवर अनोळखी नंबर परस्पर गप्प होतील अशी सोय करून टाकली.

मग तो दिवस आला. मेलचा विषय होता, 'आपल्या कुटुंबातल्या नव्या सदस्याचे स्वागत करा'. मी दवाखान्यात होते. भिंतीला टेकून उभी राहिले, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि उघडलं. गाडी होती. पांढरी, मोठ्या डिकीची. नवा सदस्य म्हणे! मी तशीच बाथरूममध्ये गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

घरी येऊन फोन सोफ्यावर आपटला. म्हटलं, आता पुरे. मला ह्यातला एकही मेल डोळ्यांसमोर नको. उद्यापासून नाही, आत्तापासून नको.

माझी अवस्था बघून नवऱ्याने बूट न काढताच लॅपटॉप उघडला. म्हणाला, नियम लावून टाकू. ठरावीक शब्द दिसला की मेल आपल्याला न दाखवता परस्पर कचऱ्यात जाईल. कुठला शब्द ते सांग. मी क्षणाचाही विचार केला नाही. अभिनंदन! मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे. आमचं अभिनंदन करणारा एक माणूस भला निघाला नव्हता.

"आणि संस्थेचं?" नवऱ्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "मॅडमचा पत्ता ओळखीच्यांत टाकलाय. त्यांचं काही अडणार नाही." एवढी काळजी आम्ही घेतली होती. घेतली नव्हती असं कोणी म्हणू नये.

बाबांना मात्र ते पटेना. उत्तर न देता कचऱ्यात टाकायचं? विचारणाऱ्याला काहीच न सांगता खिडकी बंद करायची? तेव्हा नवऱ्याने सांगितलं की उत्तरही आपोआप जाईल अशी सोय आहे, मजकूर एकदाच लिहून ठेवायचा. बाबांचा चेहरा उजळला. खुर्ची पुढे ओढून ते ताठ बसले आणि सांगत गेले. मधे एक वाक्य मी सुचवलं, एक नवऱ्याने सुचवलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं बऱ्याच दिवसांनी एकत्र बसून हसलो. भाकऱ्या गार झाल्या तरी उठलो नाही.

घर शांत झालं. मेलमध्ये फक्त विजेचं बिल आणि नवऱ्याच्या मावशीचे सुविचार. बाबा ऐटीत म्हणायचे, "आता आपली खिडकी चोवीस तास उघडी." एक दिवस ते तुळशीबागेत जाऊन चिमणाळं घेऊन आले, पाळण्यावर टांगतात ना, कापडी चिमण्यांचं. पाळणा नव्हताच अजून. त्यांनी ते हॉलमध्ये पंख्यापासून जरा दूर हुकाला टांगलं आणि रोज जाता-येता त्याला एक टिचकी मारायला लागले. मीही मारत होते.

मेल काही येईना. दिवाळी झाली, थंडी पडली. माझ्या आईचे अमरावतीहून रोज फोन. "पोरी, एकदा विचारून तर पाह्य." मलाही राहवेना. एका दुपारी पेशंट गेल्यावर मी संस्थेत फोन लावला. मॅडमच होत्या.

"मॅडम, नमस्कार. आमचा नंबर कुठवर आलाय, तेवढंच विचारायचं होतं."

त्या अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमचं उत्तर मिळालं आम्हाला."

"कसलं उत्तर?"

"मेलचं. तुम्ही नाही कळवलंत."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "मॅडम, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. दुसऱ्या कुणाची फाइल असेल. आम्हाला मेलच आला नाही, आम्ही नाही कशाला म्हणू?"

"फाइल तुमचीच आहे. वाचून दाखवू?"

"दाखवा की."

आणि त्यांनी वाचलं.

"'महोदय, आपले पत्र पोहोचले. आपण जे काही देऊ करत आहात, ते आम्हाला नको आहे.'"

माझ्या कानात एकदम काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. मला म्हणायचं होतं, थांबा. पण त्या वाचत राहिल्या, सरळ, कुठे न अडखळता, आधीही वाचलेलं असावं तसं.

"'फुकट दिलेत तरी नको आहे. आमच्या घरात त्यासाठी जागा नाही आणि आम्हाला वेळही नाही. आपला माल आपल्याकडेच ठेवावा, अथवा ज्यांना गरज असेल त्यांच्या गळ्यात बांधावा. पुन्हा विचारू नये. विचारल्यास हेच उत्तर मिळेल. कळावे, लोभ नसावा.'"

'जागा नाही' हे नवऱ्याचं होतं. 'गळ्यात बांधावा' हे माझं.

मी जमिनीवर बसले. दवाखान्याच्या फरशीवर, मळकट पायपुसण्याशेजारी. बाहेरून आमच्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या काय झालं म्हणून. मी फोनमध्ये एकच सांगत राहिले, "मॅडम, मी येते. तुम्ही कुठे जाऊ नका. मी येते."

संस्था कॅम्पाच्या पलीकडे एका जुन्या बंगल्यात आहे. रिक्षाने कशी गेले ते आठवत नाही, नवऱ्याशी फोनवर काय बोलले तेही आठवत नाही. तो हिंजवडीहून निघाला, पण तिथून वेळेवर पोहोचलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळे जे काय ऐकायचं होतं ते मी एकटीने ऐकलं.

मी सगळं सांगितलं. वाघोली, सरबत, गाडी, अभिनंदन, नियम. बोलताना माझं मलाच ते इतकं मूर्खासारखं वाटत होतं! मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता कळवायची पत्रं त्यांच्या पत्त्यावरून जात नाहीत म्हणाल्या, संगणकाच्या नव्या पत्त्यावरून जातात. सुरुवात सगळ्यांना एकच असते. अभिनंदन.

"संस्थेच्या नव्या नंबरवरून फोन केला होता मी," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, बरेचदा केला. वाजायचा आणि आपोआप बंद व्हायचा. मग मी समजले, तुम्हाला बोलायचंच नाही."

मी फोन काढून अनोळखी नंबर गप्प करायची ती सोय त्यांना दाखवली.

"इतकी वर्षं हे काम करतेय. मुलाला नाही म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. रंगावरून म्हणतात, तब्येतीवरून म्हणतात. राग येतो, पण सवय झाली. 'माल' मात्र कोणी म्हटलं नव्हतं, ताई. मी त्या दिवशी जेवले नाही."

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, अजून काही करता येत असेल तर करा. आम्ही आत्ता हो म्हणतो. लिहून देतो. बाळ कुठे आहे? इथेच आहे का?

त्या म्हणाल्या, "तिला पुढच्या घराला विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. काल ते भेटूनही गेले तिला. त्या बाईंच्या खांद्यावर झोपली ती."

ती. ती मुलगी होती, हे मला असं कळलं.

मी फार रडले असेन, कारण कोणीतरी पाणी आणून दिलं आणि कोणीतरी पंखा वाढवला. मॅडमही डोळे पुसत होत्या. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "एक करा. तो मेल तुमच्या कचऱ्यात अजून असेल. त्यात तिचा फोटो आहे, तिचं सगळं आहे. ती आता दुसऱ्यांची मुलगी आहे. उघडू नका. तसाच पुसा." आणि मग, "तुमचं नाव मी काढून टाकत नाही. पण रांगेत शेवटी जाल. माझ्या हातात तेवढंच आहे."

घरी पोहोचले तेव्हा बाबा हॉलमध्ये शेंगा सोलत बसले होते. वर ते चिमणाळं. मला बघून म्हणाले, "आज लवकर? अमरावतीची गाडी आहे की काय?"

नवरा घरी येईपर्यंत थांबायचं, सांभाळून सांगायचं, असं मी रिक्षात ठरवलं होतं. ते सगळं ठरवलेलं गेलं चुलीत. मी उभ्या उभ्या ओरडले. "बाबा, आपलं बाळ आलं होतं. तुम्ही त्याला पुन्हा विचारू नये म्हणून सांगितलंत!" 'तुम्ही' म्हटलं, 'आपण' असं म्हटलं नाही. त्या वेळी मला फक्त त्यांचा राग आला होता, आणि तो मी सगळा ओतला. शेंगांचं ताट त्यांच्या मांडीवरून घसरलं. त्यांनी ते उचललं नाही.

त्यांनी विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"तिच्या पत्राला ते गेलं? तेच्या तेच?"

"तेच्या तेच."

माझे सासरे कधी निरुत्तर झालेले मी पाहिले नव्हते. बायको गेली त्या दिवशीही भेटायला आलेल्या कुणाला तरी त्यांनी टोला लगावला होता. आता ते नुसते बसले होते. मला त्यांची भयंकर भीती वाटली. मी खाली बसून शेंगा गोळा करायला लागले, काहीतरी करायचं म्हणून.

नवरा आला. संस्थेतून निघतानाच मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. तो बाबांच्या शेजारी बसला आणि फोन उघडून त्याने तो कचरा काढला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. काय ती गर्दी! अभिनंदन, आपण परदेशी सहल जिंकली आहे. अभिनंदन, आपले कर्ज मंजूर. त्याच्याखाली एक ओळ होती, 'अभिनंदन. आपल्या कुटुंबासाठी एक', आणि पुढे तीन टिंबं. पुढचं वाचायला उघडावं लागलं असतं. त्याखाली टकलावर केस उगवणारे.

त्या दोघांच्या मधे पडली होती आमची पोर. कितीतरी दिवस.

मला ती बघायची होती. खरं सांगते, मला ती एकदा बघायची होती, मग जीव गेला तरी चालला असता. नवऱ्यालाही बघायची होती, त्याचं बोट त्या ओळीवर तसंच थांबलं होतं. "नाही उघडायचं," मी म्हणाले. मॅडमनी बजावलं होतं. त्याने पुसायचं बटण दाबलं. फोनने विचारलं, हा मेल कायमचा पुसायचा का? खाली दोन शब्द. हो. नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. कोणाचा हात पुढे होईना.

तेव्हा बाबा बोलले. "विचारलंय त्यानं. उत्तर द्यायला हवं." त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि 'हो'वर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात निघाले तेव्हा दारावर पाट्या नव्हत्या. भिंतीवर फक्त स्क्रूची भोकं राहिली होती. आईला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काऊन वो पोरी, तुमच्या पुण्यात 'नाही' म्हणायलेबी यंत्र ठेवते का?" तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

ह्याला आता बराच काळ झाला. बाबांशी मी पुन्हा नीट बोलायला लागले, कारण राग धरून ठेवायला घरात तेवढी माणसंही नाहीत. 'गळ्यात बांधावा' कुणाचं होतं, हेही मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "ठाऊक आहे. हसलो होतो मी त्याला." नियम काढून टाकला, फोन गप्प करायची सोय काढून टाकली. आता सगळे येतात. खांदा हलवताना खिशात फोन वाजला की मी पेशंटची माफी मागून उचलते आणि वाघोलीतल्या थ्री बीएचकेचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेते. मधे तोडायचं धाडसच होत नाही.

रांगेत आम्ही कुठे आहोत माहीत नाही. चिमणाळं अजून तिथेच आहे, बाबा आठवड्याला त्याची धूळ झटकतात.

मेल आता ते बघतात. त्यांनी मागूनच घेतलं ते काम. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसतात आणि एकेक उघडून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात. केसांचं, वजनाचं, कर्जाचं. उत्तर कुणालाच देत नाहीत. त्यात अभिनंदन दिसलं की मात्र एकट्याने उघडत नाहीत.

आज सकाळी मी कणीक मळत होते. हॉलमधून हाक आली. "सूनबाई, अभिनंदनाचं आलंय. ये लवकर."

मी तशीच धावले, कणकेच्या हातांनी. त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्यांनी उघडलं. परदेशातल्या कुठल्याशा लॉटरीत आमचा नंबर लागला होता. आम्ही दोघांनी तो मेल सावकाश, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचला.